दाबल्यावर वाजते ती, सोडल्यावर वाजते ती

बोलेरोचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवायला एका मिस्त्रीचा आणि त्याच्या पोऱ्याचा निम्मा दिवस सहज जातो. ज्या बेअरिंगसाठी हा खटाटोप करायचा, तिला काढून नवी बसवण्याचं काम मात्र दहा-पंधरा मिनिटांचं. मजुरी लागते ती तिथवर पोचण्याची. त्यामुळे चुकीची बेअरिंग बदलली गेली तर नुकसान त्या एवढ्याशा वस्तूच्या किमतीपुरतं राहत नाही. तोच गिअरबॉक्स पुन्हा जमिनीवर घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या खेपेला मजुरी कोणी सोसायची यावर मालक आणि मिस्त्री यांची तोंडं दोन दिशांना होतात. हे प्रकरण पाना हातात घेण्याआधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. ती पाच मिनिटं नीट वापरली तर कुठली बेअरिंग गेली हे बहुतेक वेळा नुसत्या कानाने कळतं.

नांदेड ते लातूर हा टापू क्लचचा बारकाईने विचार करायला चांगला. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. लोहा, अहमदपूर, चाकूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ ही उंची हळूहळू चढतो. सरळ वेगात जाणाऱ्या गाडीच्या क्लचला या चढाचं काहीच वाटत नाही. वाटतं ते काळीपिवळीला. दहा-बारा माणसं भरलेली जीप फाट्याफाट्यावर थांबते, हात दाखवणाऱ्याला घेते, चढावरच पुन्हा उचलते. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात, तिथे बाजाराच्या दिवशी गाडी चालवणं म्हणजे निम्मा वेळ क्लचवर पाय ठेवून पुढे सरकणं. नांदेडला दसऱ्याच्या किंवा होळीच्या दिवसांत गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यांवर हीच गत. क्लचच्या बेअरिंगा किलोमीटरने झिजत नाहीत, पेडल किती वेळा आणि किती वेळ दाबलं त्यावर झिजतात. महामार्गावर लाख किलोमीटर पळालेली गाडी आणि फाट्यांवर तीस हजार किलोमीटर थांबत गेलेली गाडी यांत दुसरीचा क्लच आधी उघडावा लागला तर नवल नाही.

आता आत काय असतं ते पाहू. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बोल्टने आवळलेलं बिडाचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्या सपाट पाठीला क्लच प्लेट टेकलेली असते, आणि प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. प्लेटला मागून दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिला जोर पुरवते डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे एक पोलादी चकती, जिच्या मधल्या भागात चिरा पाडून बोटं तयार केलेली असतात. गॅरेजमध्ये त्यांना फिंगरच म्हणतात. पेडल दाबलं की केबलने किंवा तेलाच्या दाबाने फोर्क हलतो आणि फोर्क एका बेअरिंगला पुढे ढकलतो. ती बेअरिंग फिंगरांना आत रेटते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि प्लेट मोकळी होते. इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो.

फोर्क जागच्या जागी झुलतो, स्वतःभोवती फिरत नाही. फिंगर मात्र इंजिनच्या वेगाने गरगरत असतात. या स्थिर आणि फिरत्या भागांच्या मध्ये उभी राहते ती रिलीज बेअरिंग. दुकानात ‘क्लच बेअरिंग’ मागितली की सहसा हीच मिळते.

दुसरी त्याहून लहान, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. लांबीच्या दिशेने इंजिन बसवलेल्या गाड्यांत, म्हणजे जीप, बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, ट्रक यांत, इनपुट शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाहेर बराच पुढे आलेला असतो. एवढा लांब दांडा एकाच टोकाला धरला तर पुढचं टोक डुगडुगेल. म्हणून त्याचं बारीक नाक थेट फ्लायव्हीलच्या किंवा क्रँकशाफ्टच्या मध्यभागी बसवलेल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकवतात. ही पायलट बेअरिंग. फ्लायव्हील बेअरिंग म्हणतात तीही हीच. तिसरी, इनपुट शाफ्ट बेअरिंग, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असते, शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे. ती खरं तर गिअरबॉक्सची, तेलात बुडून चालणारी; पण आवाज क्लच झाकणाऱ्या त्याच बेल हाउसिंगमधून येत असल्यामुळे संशयितांच्या यादीत तिलाही घ्यावं लागतं.

तिघींचा आवाज ड्रायव्हरच्या पायाखालून, एकाच जागेतून आल्यासारखा वाटतो. मग ओळखायचं कसं? इथे एकच गोष्ट पक्की धरायची. बेअरिंग वाजते ती तिची आतली आणि बाहेरची रिंग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तरच. जात्याची वरची तळी फिरते आणि खालची स्थिर असते म्हणून घरघर होते. दोन्ही तळ्या एकाच वेगाने फिरल्या तर पीठही पडणार नाही आणि आवाजही येणार नाही. पेडलची स्थिती बदलली की कोण फिरतं आणि कोण थांबतं हे बदलतं. म्हणून पेडलच्या प्रत्येक स्थितीत एकच प्रश्न विचारायचा: या घडीला तिघींपैकी कोणाच्या दोन रिंगांत फरक आहे?

गाडी सपाट जागी उघड्यावर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. समोर कोणी उभं राहू नये. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. या वेळी प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली आहे, म्हणजे इनपुट शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरतोय. पायलट बेअरिंगची एक रिंग फ्लायव्हीलसोबत आणि दुसरी शाफ्टसोबत, दोघांचा वेग एक; ती गप्प. शाफ्टच्या बेअरिंगची आतली रिंग फिरतेय आणि बाहेरची गिअरबॉक्सच्या बॉडीत घट्ट बसलेली. ती कामावर आहे. आता ऐकू येणारी सलग घरघर पेडल दाबल्यावर विरून जात असेल आणि सोडल्यावर परत येत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे. पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधला दुसरा दांडा, काउंटर शाफ्ट, हाही फिरत असतो, आणि त्याच्या बेअरिंगचा आवाज अगदी असाच असतो. या दोघांत कानाने निवाडा होत नाही. गिअर ऑइल काढायचं आणि ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर काय चिकटलंय ते पाहायचं. काळी, मऊ लोण्यासारखी पूड रोजची झीज असते. चकाकणारे पोलादी कण किंवा टवके दिसले तर बॉक्स उघडायला पर्याय नाही.

आता पेडल हळूहळू दाबा. एकदम नको, अगदी अर्धा-पाऊण इंच. पहिला थोडा भाग पोकळ जातो, मग पायाला प्रतिकार लागतो. त्या क्षणी रिलीज बेअरिंग फिंगरांवर टेकते आणि फिरू लागते. क्लच अजून सुटलेला नाही, शाफ्ट अजून इंजिनसोबतच आहे. म्हणजे या एवढ्याशा टप्प्यात नव्याने काही सुरू झालं असेल तर ते फक्त रिलीज बेअरिंग. इथेच चिरचिर किंवा किर्रकिर्र सुरू झाली, पेडल आणखी दाबल्यावर वाढली आणि पाय काढताच थांबली, तर गुन्हेगार सापडला. नव्या केबलच्या किंवा हायड्रॉलिक क्लचच्या अनेक गाड्यांत ही बेअरिंग फिंगरांना कायमच हलकी टेकलेली असते. तिथे आवाज पाय काढलेला असतानाही थोडा येतो, आणि पेडलवर नुसतं बोटभर वजन टाकलं की बदलतो किंवा बंद होतो. हा बदलच तिची खूण.

पुढचा टप्पा पुष्कळ मिस्त्री घाईत गाळतात. पेडल तळाला टेकवा आणि धरून ठेवा. क्लच सुटला, पण न्यूट्रलमध्ये इनपुट शाफ्ट लगेच थांबत नाही. आपल्याच वेगाने थोडा वेळ फिरत राहतो आणि गिअर ऑइलच्या ओढीने सावकाश थांबतो. शाफ्ट जसा मंदावतो तसा फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्या वेगातला फरक वाढतो, आणि पायलट बेअरिंगला पहिल्यांदा काम लागतं. म्हणून तिचा आवाज पेडल दाबताक्षणी येत नाही, एखाद्या श्वासाच्या अंतराने येतो आणि चढत जातो. रिलीज बेअरिंगची चिरचिर पेडलसोबत सुरू होते, पायलटची कूऽऽ मागाहून. खात्री करायची तर पेडल तसंच दाबलेलं ठेवून, पायब्रेकही दाबून पहिला गिअर टाका. चाकं थांबलेली, म्हणून शाफ्ट जागच्या जागी थांबतो. फ्लायव्हील मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांनी फिरतच असतं. पायलट बेअरिंगवर याहून कठीण वेळ येत नाही. गिअर टाकताच तो आवाज एकदम स्थिर, भरीव झाला तर दुसरा पुरावा लागत नाही.

पायलट बेअरिंग पूर्ण जाम झाली की आवाजच बंद होतो, आणि ही स्थिती फसवी. आता दोन्ही रिंगा एकमेकींना चिकटल्यात, त्यामुळे क्लच दाबला तरी फ्लायव्हील शाफ्टला थोडं थोडं ओढतच राहतं. पहिला गिअर टाकताना करकर, रिव्हर्सला तर हमखास. ‘क्लच सुटत नाही’ अशी तक्रार घेऊन गाडी येते, केबल आवळली जाते, मास्टर सिलिंडर बदलला जातो, आणि करकर तशीच राहते. पेडल दोन-तीनदा पंप करून गिअर बरा पडत असेल तर तेलात हवा आहे किंवा सिलिंडर उतरलाय. पंप करूनही फरक पडत नसेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या त्या विसरलेल्या बेअरिंगची आठवण काढावी.

काही आवाज बेअरिंगचे नसून बेअरिंगच्या नावावर खपतात. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये खडखडते आणि क्लच दाबल्यावर शांत होते. हा पुष्कळदा गिअरच्या दातांचा खुळखुळाट असतो. इंजिनच्या धक्क्यांनी मोकळे गिअर एकमेकांवर आपटतात, क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर जास्तच. तो तुटक असतो. बेअरिंगचा आवाज सलग असतो आणि रेस वाढवली की त्याच प्रमाणात चढतो. काही मोठ्या डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन तुकड्यांचं असतं, मध्ये स्प्रिंगा आणि स्वतःची एक बेअरिंग. ते झिजलं की इंजिन सुरू आणि बंद होताना ‘ठडठड’ ऐकू येतं, आणि तिथे सुटी बेअरिंग बदलण्याचा प्रश्नच येत नाही. अख्खं फ्लायव्हील बदलावं लागतं, ज्याचा आकडा ऐकून मालक थोडा वेळ खाली बसतो. अल्टरनेटर, वॉटर पंप, बेल्टचा टेन्शनर हे सगळे पुढच्या बाजूला. पेडलचा आणि त्यांचा काही संबंध नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॉडीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तर आवाज पुढचा की मागचा हे कळतं. बेल्टपासून बाह्या आणि केस सांभाळावेत.

एक चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यात कानापेक्षा डोळा लागतो. क्लच दाबताना रिलीज बेअरिंग जो रेटा देते तो फिंगरांवरून फ्लायव्हीलमार्गे अख्ख्या क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. त्याला अडवायला इंजिनात थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले की क्लच दाबताच क्रँक पुढे सरकते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबत राहावं आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहावं. पुली नजरेला दिसेल इतकी मागेपुढे होत असेल तर क्लच बदलून उपयोग नाही. दुखणं इंजिनाचं आहे, आणि नवीन क्लच टाकून ते झाकलं तर पुढच्या हंगामात मोठा खर्च उभा राहतो.

कुठल्या गाडीत काय, हा घोळ जुना आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपमध्ये पायलटच्या जागी छर्ऱ्यांची बेअरिंग नव्हती, ब्राँझची साधी बुश होती. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली. तिच्या क्लचमध्ये रिलीज बेअरिंग म्हणून ग्राफाइटची एक कडी असायची. ती फिरायची नाही, प्रेशर प्लेटच्या चकतीवर घासायची आणि झिजत जायची. अशा गाडीत क्लचवर पाय ठेवून चालवणं म्हणजे पेन्सिल कागदावर सतत ओढत राहणं होतं. पुढे बंद, आयुष्यभराचं ग्रीस भरलेल्या बेअरिंगा आल्या आणि ड्रायव्हरांची ती भीती गेली. पाय ठेवायची सवय तेवढी उरली.

आडवं इंजिन आणि पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत इनपुट शाफ्ट आखूड असतो आणि गिअरबॉक्समध्येच दोन ठिकाणी धरलेला असतो. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत पायलट बेअरिंग नसतेच. पण ‘आडवं इंजिन म्हणजे पायलट नाही’ हा नियम पाठ करून बसू नये. सुझुकीच्या काही मॉडेलांत आडवं इंजिन असूनही फ्लायव्हीलच्या मध्यभागी छोटी बेअरिंग असते, आणि कंपनीच्या पुस्तकात तिचं नाव काय, तर इनपुट शाफ्ट बेअरिंग! म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेली जी तिसरी आपण वर पाहिली, तिच्याच नावाने ही पुढच्या टोकाची. फोनवरून दुसऱ्या गावाहून माल मागवताना नुसतं नाव सांगणारा इथे हमखास फसतो. अहमदपूरच्या गॅरेजात उघडी पडलेली गाडी आणि लातूरहून एसटीने आलेलं चुकीचं पुडकं, हा प्रकार टाळायचा तर नावापेक्षा आकडा बरा.

आणि तो आकडा प्रत्येक छर्ऱ्यांच्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. समजा फ्लायव्हीलमधून निघालेल्या बेअरिंगवर ६२०३ लिहिलंय. पहिला ६ म्हणजे एका रांगेची खोल खाचेची बॉल बेअरिंग. दुसरा आकडा तिची मालिका, म्हणजे अंगापिंडाने किती भरलेली ते. शेवटचे दोन भोकाचं माप: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं, ०४ ला २०, ०५ ला २५. या पद्धतीने ६२०३ चं माप १७ मिलिमीटर भोक, ४० बाहेरचा व्यास, १२ जाडी. हे माप जगभर एकच आहे. छाप कुठलाही असो.

आता यातला सापळा पाहा. ६००३, ६२०३ आणि ६३०३ या तिघींचं भोक १७ च मिलिमीटर, पण बाहेरचा व्यास ३५, ४० आणि ४७. हे चुकलं तर बसतच नाही, त्यामुळे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उलट बाजूने. ६००३ चा बाहेरचा व्यास ३५ आणि ६२०२ चाही ३५. फ्लायव्हीलच्या भोकात दोन्ही तितक्याच छान ठोकल्या जातात, जाडीत एका मिलिमीटरचा फरक. आतलं भोक मात्र एकीचं १७ आणि दुसरीचं १५. ज्या शाफ्टचं नाक १५ मिलिमीटरचं आहे त्याला ६००३ लावली तर नाक आत दोन मिलिमीटर ढिलं राहतं, बेअरिंग असून नसल्यासारखी, आणि उचलताना गाडी थरथरते. मिस्त्री मग नव्या क्लच प्लेटला दोष देतो. म्हणून जुनी बेअरिंग हातात असली तरी शाफ्टचं नाक कॅलिपरने मोजून घ्यावं. आधी कोणी चुकीची घातलेली नसेलच असं नाही.

आकड्यापुढची अक्षरंही वाचावीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. क्लच प्लेटची पूड उडते त्या जागी रबरी सील बरं. सी३ म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवलेली; ती जागा पाहून ठरते, ‘जास्त म्हणजे चांगली’ असं काही नाही. रिलीज बेअरिंगला मात्र अशी जागतिक मापपद्धत नाही, तिला गाडीनुसार पार्ट नंबर असतो. तिचं तोंड पाहावं: फिंगरांची टोकं सपाट असतील तर बेअरिंगचं तोंड गोलसर लागतं, टोकं वळवलेली असतील तर सपाट. दोन्ही सपाट जोडली तर कडेवर घासून दोघांचंही मातेरं होतं.

बेअरिंगच्या या दुनियेत जर्मनीचं श्वाइनफुर्ट आणि स्वीडनचं गॉथेनबर्ग ही दोन गावं सारखी भेटतात. श्वाइनफुर्टच्या फ्रिडरिश फिशरने १८८३ साली पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र बनवलं. एफएजी या छापातला एफ त्याच्याच नावाचा. गॉथेनबर्गला स्वेन विंगक्विस्टने १९०७ साली एसकेएफ काढली, जिचा पुण्यातला कारखाना चिंचवडला आहे. पण नांदेड-लातूरच्या माणसाला एवढं लांब जायला नको. सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगा भारतात प्रथम बनवणाऱ्या, १९६५ साली सुरू झालेल्या एनआरबीचे कारखाने जालन्यात आणि वाळूजला आहेत. क्लचच बनवणारी एक्सेडी, जुन्या लोकांच्या तोंडी सीके डायकिन, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतली. लोह्याजवळ फुटलेल्या क्लचची जन्मभूमी मराठवाडाच असण्याची शक्यता बरीच आहे, दुकानदार तो ‘बाहेरचा माल’ म्हणून विकत असला तरी.

गिअरबॉक्स उतरला की हातात आलेली बेअरिंग पारखायची. इथे एक समज आडवा येतो. बोटाने भिंगरीसारखी फिरवली, बराच वेळ सुळसुळ फिरत राहिली, की ‘चांगली आहे’ म्हणून बाजूला ठेवली जाते. होतं नेमकं उलट: आतलं ग्रीस संपलेली कोरडी बेअरिंगच मोकळी फिरते. चांगली, ग्रीस भरलेली बेअरिंग फिरवली तर जडसर, गुळगुळीत जाते आणि लगेच थांबते. म्हणून भिरभिरवू नये. रिंगवर अंगठ्याने दाब देऊन सावकाश फिरवावी आणि वाळू चावल्यासारखी कचकच लागते का ते पाहावं. पोलादावर निळसर झाक आली असेल तर ती तापून गेलेली आहे. रिलीज बेअरिंग ज्या नळीवरून मागेपुढे सरकते तिच्यावर घासल्याचे चर पडले असतील तर नवी बेअरिंगही तिरकी बसेल. फोर्कच्या भोकावरचं रबर फाटलेलं असेल तर ते बदलावंच. आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच वाटेने आत जातो. क्रँकचं मागचं आणि गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील याच वेळी पाहून घ्यायचं, कारण नव्या प्लेटवर तेल आलं तर सगळं मुसळ केरात.

आणि बंद बेअरिंग धुवायची नाही! गॅरेजात प्रत्येक सुटा भाग डिझेलच्या घमेल्यात बुडवायची रीत आहे. रिलीज बेअरिंग त्या घमेल्यात पडली की डिझेल सीलमधून आत शिरतं आणि ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. कोरड्या फडक्याने पुसणं एवढीच तिची आंघोळ. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग संचातच बदलणं शहाणपणाचं. एवढा खोलवर हात घातल्यावर जुनी बेअरिंग वाचवून काही पदरात पडत नाही. पायलट पुष्कळ संचांत नसते, ती वेगळी मागावी लागते.

फ्लायव्हीलच्या भोकात रुतलेली पायलट काढायला ओढून काढायचं अवजार नसेल तर जुन्या मिस्त्र्यांची युक्ती कामाला येते. बेअरिंगच्या मागच्या पोकळीत ग्रीस ठासून भरायचं, तिच्या भोकात चपखल बसेल असा गोल दांडा घालायचा आणि हातोडीने ठोकायचा. ग्रीसला जायला वाट नाही, ते मागून बेअरिंगवर सगळीकडून सारखा दाब देतं आणि ठोक्याठोक्याला ती बाहेर येते. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे घामासकट पाहायला मिळतो. ग्रीस वाया घालवायचं नसेल तर भिजवलेला रद्दीचा कागद भरूनही काम होतं. नवी ठोकताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे. आतल्या रिंगवर मारलं तर धक्का छर्ऱ्यांतून जातो, खाचेत बारीक खड्डे पडतात, आणि बेअरिंग पहिल्याच दिवसापासून वाजते.

गाडी जोडून झाली की पेडलचा खेळ पाहावा. जुन्या पद्धतीच्या केबलच्या गाडीत पेडल साधारण इंचभर मोकळं जायला हवं, नाहीतर रिलीज बेअरिंग दिवसभर फिंगरांवर घासत राहील. नेमकं माप त्या गाडीच्या पुस्तकात असतं. मग इंजिन सुरू करून पेडलच्या सगळ्या स्थिती पुन्हा एकदा ऐकाव्यात, मालक शेजारी उभा असतानाच: पाय काढलेला, अर्धा इंच, तळाला, आणि पहिला गिअर टाकून.